छिंगहाव: १०५ वा दिवस

१० मे, पुणे. छिंगहाव म्हणजे ज्याच्या पानांतून मलेरियाचं औषध मिळतं ते चिनी झाड; मी ते गच्चीवर कुंड्यांत लावलंय. अंधाऱ्या कोपऱ्यातल्या, दिवा न लावलेल्या कुंडीत परवा कळ्या दिसल्या. दिव्याखालच्या चारही कुंड्यांत अजून एकही नाही. मला इतका आनंद झाला की रात्रीच टेप घेऊन गच्चीवर गेले.

गेल्या ऑक्टोबरात पेरलेली खेप गुडघ्याएवढी व्हायच्या आत फुलून गेली होती. खत बदललं, माती बदलली, पण दोष दिवसाच्या लांबीत होता. दिवस साडेतेरा तासांपेक्षा लहान असला की हे झाड फुलोऱ्याला लागतं. चीनमध्ये ते पुरुषभर उंच वाढतं. पुण्यात जूनमधला सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आतच संपतो.

म्हणून २५ जानेवारीच्या पेरणीवर दिवेलागणीपासून रात्री १० पर्यंत ९ वॉटचा एलईडी लावला. आज कोपऱ्यातलं रोप ४८ सेंटिमीटर, दिव्याखालचं सर्वांत उंच १०६.

बी अगदी धुळीसारखं असतं. बारीक वाळूत मिसळून वरच भुरभुरवा, मातीने झाकू नका, त्याला रुजायला उजेड लागतो. पाणी खालच्या ताटलीतून द्या.

पान चोळलं की आधी कापराचा वास येतो, मग मागून दवण्याचा. जोतिबाला वाहतात तो दवणा याच कुळातला, त्यामुळे वास ओळखीचा वाटतो. भिंगातून पानावर चकाकणारे बारीक ठिपके दिसतात. त्या ग्रंथींतच आर्टेमिसिनिन, म्हणजे मलेरियावरचं औषध, असतं. चौथ्या शतकात चिनी वैद्य गे होंग यांनी लिहून ठेवलं होतं की तापावर मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून पिळावा आणि रस प्यावा. त्यात उकळणं नव्हतं, हे चिनी शास्त्रज्ञ थू योयो यांनी हेरलं. उष्णतेने गुण जात असावा म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं, आणि १९७१ मध्ये उंदरांच्या मलेरियावर तो अर्क पूर्ण लागू पडला. २०१५ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना त्याच कामासाठी मिळाला. ते ठिपके पाहताना मला दर वेळी हेच आठवतं.

काढा कुणी करू नका, ही कळकळीची विनंती. घरच्या पानात औषध किती उतरलं हे कळत नाही, आणि अपुऱ्या मात्रेने मलेरियाचे जंतू त्या औषधालाच निगरगट्ट होऊ शकतात.

कालपासून दिवा बंद केला. हे झाड स्वतःच्या परागावर सहसा बी धरत नाही, त्यामुळे चारही एकदम फुलायला हवीत. पराग वाऱ्याने उडतो, आणि पाऊस तोंडावर आलाय. कुंड्या उद्याच पत्र्याखाली हलवते.