मोडलेलं पथक पुन्हा उभं राहिलं तेव्हा

१९९४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. बॉस्टनच्या उत्तरेला समुद्राकाठी रिव्हीर नावाचं गाव आहे. तिथे एका तिमजली लाकडी घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होतो. तळमजल्यावर घरमालकीण. वय चाळिशीच्या अलीकडे, एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी, बोलणं मोजकं. एका रविवारी सकाळी मागच्या अंगणातून आवाज यायला लागला. फट्. मग जरा वेळ काही नाही. पुन्हा फट्. खिडकीतून पाहिलं तर बर्फ खोऱ्याने ओढून मोकळ्या केलेल्या चौकोनात बाई उभ्या, अंगात जाड कोट आणि हातात पांढरी बंदूक. ती त्या वर भिरकावत होत्या. बंदूक हवेत गरगर फिरायची, खाली यायची आणि त्या ती दोन्ही हातांनी झेलायच्या. तो आवाज झेलण्याचा होता.

दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलंच.

"लाकडाची आहे," त्या म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये फॉक्सबरोला आम्ही परत उतरणार आहोत."

"आम्ही म्हणजे?"

"ट्वेंटी-सेव्हन्थ."

नुसता आकडा. रिव्हीरमध्ये तेवढा पुरायचा. मी नवखा म्हणून मला बाकीचं सांगावं लागलं.

ट्वेंटी-सेव्हन्थ लान्सर्स हे या गावचं ड्रम कोअर. आपल्याकडे शाळेचा बँड असतो तसं काही डोळ्यांसमोर आणू नका. यात तेव्हा क्लॅरिनेट, बासरी असलं काही नसायचं, फक्त पितळी वाद्यं आणि ड्रम. त्यांच्यासोबत रंगीत निशाणं, तलवारी आणि लाकडी रायफली फिरवणारी तुकडी, तिला कलर गार्ड म्हणतात. हे सगळं अमेरिकन फुटबॉलच्या शंभर यार्डांच्या मैदानावर चालत, धावत, आकृत्या बनवत करायचं. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, आणि ते प्रत्येकाचं तेवढंच पडलं पाहिजे. पोरं उन्हाळाभर बसने देशभर हिंडतात, रात्री गाडीत किंवा एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेच्या फरशीवर झोपतात आणि सकाळी पुन्हा मैदानात उभी राहतात. वयाची अट तेव्हा एकवीस वर्षांची होती. त्यानंतर कितीही चांगला वाजवणारा असला तरी बाहेर.

अशी पथकं निघाली ती चर्चच्या आणि माजी सैनिकांच्या संघटनांच्या आधाराने. मोहल्ल्यातल्या पोरांना उन्हाळ्यात काही उद्योग असावा, एवढाच हेतू. एकेकाळी अशी शेकडो पथकं होती. रिव्हीरमध्येही आधी चर्चचंच पथक होतं. त्यातून जॉर्ज बॉनफिग्लिओ यांनी १९६७ मध्ये हे नवं पथक उभं केलं. कामगारवस्तीतली पोरं, आणि पाहता पाहता ती देशातल्या मोठ्या पथकांच्या रांगेत जाऊन बसली. १९८० मध्ये लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये त्यांनी वाजवलं आणि त्याच वर्षी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत दुसरा नंबर काढला. १९८६ चा हंगाम शेवटचा ठरला. बसगाड्या, डिझेल, विमा, वाद्यं यांचा खर्च फुगत गेला, आणि चर्चच्या हॉलमध्ये बिंगोचे खेळ लावून किंवा देणग्या गोळा करून तो भागेनासा झाला. त्या काळात अशी कितीतरी पथकं मोडली. त्यांतलंच हे एक. आता आठ वर्षांनी, ऑगस्टमधल्या अजिंक्यपद स्पर्धेच्या वेळी फॉक्सबरोच्या स्टेडियममध्ये एक प्रदर्शन करायला जुनी माणसं पुन्हा जमत होती.

आमच्या घरमालकीणबाई १९६९ मध्ये चौदाव्या वर्षी पथकात आल्या आणि एकवीस पुरी होईपर्यंत रायफलीच्या रांगेत होत्या. जॉर्ज झिंगाली या माणसाच्या हाताखाली त्या तयार झाल्या. त्याचं नाव घेताना बाईंचा आवाज बदलायचा. पुढे गारफिल्ड कॅडेट्स नावाच्या पथकाने १९८३ पासून सलग तीन वर्षं अजिंक्यपद मिळवलं, त्या वेळच्या मैदानावरच्या आकृत्या त्याच्या होत्या. मैदानावर माणसं कशी हलवायची, याची या क्षेत्रातली कल्पनाच त्याने बदलून टाकली. १९९२ मध्ये तो गेला. "तो असता तर मला आत्ता ओरडला असता," झेलताना बोट दुखावलं की त्या म्हणायच्या.

मार्चपासून दर शनिवार-रविवारी सराव सुरू झाला. एका शाळेच्या वाहनतळावर डांबरावर चुन्याने पाच-पाच यार्डांच्या रेघा मारलेल्या. बाईंकडे गाडी होती, पण सामान चढवायला-उतरवायला मदत म्हणून मी एकदा गेलो आणि मग जातच राहिलो. का, ते सांगायला पुण्याला यावं लागेल.

मी शाळेच्या पथकात ढोल वाजवायचो. गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात सराव. पहिल्या आठवड्यात टिपरूने बोटांची सालं निघायची, कमरेला दोरीचे वळ उठायचे. नवीन पोरांचे हात मागेपुढे पडायचे आणि पन्नास ढोलांचा एक ठोका ऐकू येण्याऐवजी नुसता गडगडाट व्हायचा. मग ताशेवाला दादा वाजवणं थांबवायचा, सगळ्यांकडे बघायचा आणि पहिल्यापासून पुन्हा. तुमच्यापैकी ज्यांनी पथकात वाजवलंय त्यांना हे सांगायला नको. ज्या संध्याकाळी तो ठोका पहिल्यांदा एक पडतो, त्या संध्याकाळी ढोल आपण वाजवत नसतो, तो छातीतूनच वाजत असतो. मी अमेरिकेला निघालो तेव्हा आमच्या तुकडीतली पोरं चारी दिशांना पांगली होती. त्या वाहनतळावर जाऊन उभा राहिलो आणि सात वर्षांनी पोटात तेच काहीतरी हललं.

सरावाला आलेली माणसं पंचवीस ते पंचेचाळीस वयाची. कुणी प्लंबर, कुणी नर्स, कुणी शिक्षिका, कुणी अग्निशामक दलातला. काहीजण विमानाने यायचे आणि रविवारी रात्री परत जायचे. स्पर्धेतल्या पथकात तेव्हा एकशे अठ्ठावीसांपेक्षा जास्त माणसं चालत नसत. इथे दोनशेच्या वर जमली होती. प्रदर्शन असल्यामुळे गुण नव्हते, परीक्षक नव्हते, त्यामुळे कुणाला परत पाठवायची वेळ आली नाही.

बाईंचा थोरला भाऊ कॅलिफोर्नियाहून आला. तो कॉन्ट्राबास वाजवायचा, खांद्यावर घ्यायचं ते अजस्र पितळी वाद्य. त्याला सगळ्यांत जास्त काळजी ओठांची. फुंकणीवर ओठ थरथरवून सूर काढायचा असतो. वाजवणं सुटलं की ओठांचे स्नायू ढिले पडतात आणि वीस मिनिटांत नुसती हवा यायला लागते. म्हणून तो मागच्या पायरीवर बसून वाद्याशिवाय नुसती फुंकणी तोंडाला लावून तासन्‌तास गुंईऽऽ करत बसायचा. ओठाला मधोमध गोल लाल वण पडलेला. रात्री जेवताना सूप पिताना तो डोळे मिटायचा.

पाय मात्र कुणाचेच काही विसरले नव्हते. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पहिल्याच दिवशी ड्रमवाल्याने ठेका धरला आणि दोनशे माणसं निघाली. पोटं सुटलेली, गुडघ्यांना पट्टे बांधलेले, पण आठवं पाऊल चुन्याच्या रेघेवर. खाली कुणी बघत नव्हतं.

हात इतके इमानी नव्हते. रायफलीचं काम अवघड. साधारण तीन फुटांचं लाकूड, वर पांढरा रंग, कातडी पट्टा, तुटू नये म्हणून चिकटपट्टीची वेटोळी. हवेत ती किती वेळा फिरली यावरून फेकीचं नाव. एक फेरी, दोन, तीन. बाईंच्या वेळी त्या सहज करत होत्या ते आता मनगटाला झेपेना. मार्चमध्ये सगळ्या रांगेने एकदम फेकल्या तेव्हा परत आल्या त्या लाह्या फुटल्यासारख्या. फट्, फटफट्, फट्, आणि दोनतीन डांबरावर आपटलेल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाकून स्वतःची उचलली, पट्टा नीट केला आणि जागेवर जाऊन उभ्या राहिल्या.

"एकच आवाज आला पाहिजे," परतताना गाडीत त्या एवढंच बोलल्या. "कितीही जणी असू देत."

एप्रिलमध्ये त्यांचं मनगट सुजलं. तीन आठवडे बर्फाच्या पिशव्या लावल्या, डाव्या हाताने भांडी घासली आणि सरावाला गेल्या त्या रांगेत रायफलीशिवाय उभं राहून, मोजत. मे महिन्यात त्यांची लेक, दहा वर्षांची, अंगणात उभी राहून आईसाठी मोठ्याने आकडे म्हणायला लागली. पाच, सहा, सात, आठ. तिने पथक कधी पाहिलंच नव्हतं. ते मोडलं तेव्हा ती दोन वर्षांची होती. जूनपर्यंत लाह्या फुटायच्या थांबल्या. जुलैत तीन-चार आवाज यायचे, मग दोन.

फॉक्सबरोच्या स्टेडियममध्ये त्याच उन्हाळ्यात विश्वचषक फुटबॉलचे सामने होऊन गेले होते. ऑगस्टमध्ये तिथे ड्रम कोअरची अजिंक्यपद स्पर्धा होती. न्यू इंग्लंडमधलं मैदान, म्हणजे यांच्या घरचंच. बाईंनी मला तिकीट दिलं होतं, पण मी आधी बाहेर वाहनतळावर गेलो. तिथे आत शिरण्यापूर्वीची तयारी चालली होती. कुंपणाशी स्पर्धेतल्या पथकांची पोरं गणवेशातच येऊन उभी होती. सतरा-अठरा वर्षांची. ट्वेंटी-सेव्हन्थ मोडलं तेव्हा ती चौथी-पाचवीत असतील. त्यांनी यांच्याबद्दल फक्त ऐकलेलं होतं. कुणी बोलत नव्हतं.

रायफलीच्या रांगेने शेवटची एक फेक केली. संध्याकाळच्या उजेडात सगळ्या पांढऱ्या पट्ट्या एकदम वर गेल्या, फिरल्या आणि उतरल्या.

फट्.

एकच. माझ्या शेजारचा एक मुलगा हळूच "ओह" म्हणाला.

आत काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही, कारण सलग असं आठवतच नाही. पथक मैदानात उतरलं तेव्हा अजून एक सूर वाजला नव्हता आणि लोक उभे राहिले. माझ्या पुढच्या ओळीत एक म्हातारं जोडपं होतं. कुणाचे तरी आईवडील असावेत. आजोबा दुर्बीण डोळ्यांना लावून रांगेत कुणाला तरी शोधत होते. पहिली पितळी लाट आली ती कानांवर नाही, फासळ्यांवर आली. ढोलाच्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर येते तशी. आणि मग ते धून वाजवायला लागले, डॅनी बॉय. जुनी आयरिश चाल, पण या पथकाची ओळखच झालेली. बॉस्टनच्या परिसरात आयरिश घरं पुष्कळ, तिथे ती लहान मुलालाही येते. सावकाश सुरुवात, जवळजवळ कुजबुज, आणि मग दोनशे माणसांनी छातीत साठवलेला श्वास एकदम सोडावा तशी ती वर चढत गेली. आजोबांनी दुर्बीण खाली ठेवली. बाईंची लेक माझ्या बाजूला खुर्चीवर उभी होती आणि तोंडातल्या तोंडात मोजत होती. पाच, सहा, सात, आठ.

रायफली वर गेल्या त्या मी पाहिल्या. खाली आल्या तेव्हा स्टेडियम इतकं गर्जत होतं की काहीच ऐकू आलं नाही.

त्या रात्री बाई घरी पोचल्या तेव्हा तीन वाजले असतील. लेक गाडीतच झोपली होती, तिला भाऊ उचलून आत घेऊन गेला. बाई मागच्या पायरीवर बसल्या. मला झोप नव्हती, मी खाली गेलो. त्या बोटांवरच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोडवत होत्या. उजव्या अंगठ्याचं नख काळंनिळं पडलेलं. रायफल भिंतीला टेकवून ठेवली होती.

"किती ऐकू आले?" त्यांनी विचारलं.

"बाहेर वाहनतळावर एकच," मी म्हणालो. "आत लोकांच्या ओरडण्यात कळलं नाही."

"आतही एकच होता."

"तुम्हाला ऐकू आला?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग दोन्ही तळवे माझ्यासमोर उघडून धरले. लालभडक झाले होते.

"इथे कळतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या बोटाची पट्टी सोडवायला लागल्या.