आमची वाटचाल: बाराचे सहा, सहाचे पाच

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यात लूमचे पिक काउंटर, म्हणजे विणलेले आडवे धागे मोजणारी यंत्रे, बनतात. पहिले बोर्ड ७८०५ या व्होल्टेज उतरवणाऱ्या रेग्युलेटर आयसीवर होते. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर. १०० मिलिअँपिअरला ०.७ वॅट नुसती उष्णता. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये त्या आयसीला बोट लावून बघा.

म्हणून स्विच्ड कपॅसिटरवर गेलो. कपॅसिटर म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. दोन कपॅसिटर सिरीजमध्ये चार्ज करायचे, पॅरललमध्ये सोडायचे. बाराचे जवळपास सहा होतात, पुढे सहाचे पाच करायला लो-ड्रॉप, म्हणजे थोड्याच फरकावर चालणारा, रेग्युलेटर. कार्यक्षमता ४२ टक्क्यांवरून ८३ च्या आसपास, आणि कॉइल नाही म्हणून शेजारच्या सेन्सरला चुंबकीय त्रास नाही. जुना सीआरओ, म्हणजे व्होल्टेज पडद्यावर रेषेत दाखवणारे यंत्र, तेव्हा घरीच होता. त्याच्या हिरव्या रेषेवर सपाट पाच व्होल्ट दिसले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. बायकोला उठवून दाखवले.

मग तो मे आला. ६२ बोर्डांची तक्रार. दुपार झाली की काउंटर शून्यावर यायचे, आणि विणकराची मजुरी त्या आकड्यावर! एक स्पर्धक कारखान्या-कारखान्यात सांगत फिरला, ‘कपॅसिटरनं कुठं व्होल्टेज उतरतं का?’ ते वाक्य मी विसरलेलो नाही. सर्किट बरोबर होते. विक्रेत्याने एक्स-७-आर या उष्णतेत टिकणाऱ्या जातीच्या कपॅसिटरचे म्हणून वाय-५-व्ही या हलक्या जातीचे रीळ दिले होते. वाय-५-व्ही तापला की ८२ टक्क्यांपर्यंत कपॅसिटन्स, म्हणजे भार साठवायची क्षमता, गमावू शकतो. कपॅसिटन्स घटला की आउटपुटचा रेझिस्टन्स वाढतो आणि रेग्युलेटरला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. हे शोधायला पत्र्याच्या डब्यात बल्ब लावून भट्टी केली, आत कपॅसिटर, बाहेर कपॅसिटन्स मोजणारा एलसीआर मीटर. तो डबा आजही बाकावर आहे. या धंद्यात येणाऱ्यांना सांगतो, रिळावरच्या आकड्यावर विसंबू नका. कपॅसिटर गरम करून, वर व्होल्टेज देऊन मोजा. आणि लेबलचा फोटो काढून ठेवा.

अशोक चौकाकडचे आमचे टॉवेलवाले मालक तेवढे थांबले. त्यांच्याकडचेच २० बोर्ड होते. म्हणाले, ‘काढून नेऊ नका, इथंच बसून दुरुस्त करा. चहा मी पाजतो.’ तीन रात्री त्यांच्या शेडमध्ये सोल्डरिंग केले. पुढच्या वर्षी नव्या लूमसाठीही त्यांनी आमच्याकडूनच काउंटर घेतले, भाव न करता.

त्या रिळाचे पैसे विक्रेत्याने अजून परत केलेले नाहीत.