दिल्लीत घर बघताना आधी खिडक्या बघा

बदली होऊन दिल्लीला निघालेली मुंबई-पुण्याची मंडळी हमखास विचारतात, "तिथे एसी किती टनाचा घ्यायचा?" बारा बाय बाराच्या खोलीला दीड टन पुरतो, इतकंच त्याचं उत्तर. पण हा प्रश्न घर ठरल्यानंतरचा आहे. त्याआधी त्या घराचं काय काय उघडतं आणि काय काय घट्ट बंद होतं, ते तपासा. दिल्लीत एकाच खिडकीतून मे महिन्यात वारा आत घ्यायचा असतो, नोव्हेंबरात धूर अडवायचा असतो आणि जानेवारीत ऊन आत आणायचं असतं.

पहिली गोष्ट दिशा. २१ जूनला दुपारी दिल्लीत सूर्य जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ८५ अंशांवर असतो. २१ डिसेंबरला तो जेमतेम ३८ अंशांवर चढतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दीड फुटाचा छज्जा असला, की जूनमधलं दुपारचं ऊन काचेला शिवतही नाही. डिसेंबरात मात्र तेच ऊन छज्जाखालून सात फूट आत येतं. एक पैसा खर्च न करता मिळणारी ही सोय आहे, आणि दिल्लीचे घरमालक तिचं भाडंही वेगळं लावत नाहीत. पश्चिमेच्या खिडकीला छज्जाचा उपयोग नाही, कारण चारनंतरचं ऊन तिरपं, थेट आत येतं. तिथे बाहेरून बांबूची चिक लावावी लागते. आतून जाड पडदा लावून काम भागत नाही. काचेतून आत आलेली उष्णता पडद्याआड साठते आणि खोलीतच राहते. चिक खालून दोरीने बांधायला विसरू नका. मे-जूनच्या संध्याकाळी आंधी येते, तेव्हा सुटी चिक पहिल्या पाच मिनिटांत फाटते.

दिल्लीतले बरेचसे 'बिल्डर फ्लोर', म्हणजे एका प्लॉटवर बांधलेल्या तीन-चार मजली घरातला एकेक मजला, दोन्ही बाजूंनी शेजारच्या भिंतीला चिकटलेले असतात. हवा फक्त पुढून आणि मागून. मधल्या खोल्यांच्या खिडक्या अरुंद शाफ्टमध्ये, म्हणजे हवा-उजेडासाठी सोडलेल्या विहिरीसारख्या पोकळीत उघडतात. एसीचं बाहेरचं युनिट त्याच शाफ्टमध्ये टांगलेलं दिसलं, तर सावध व्हा. चार मजल्यांची चार-पाच युनिटं एकाच विहिरीत गरम हवा सोडतात, तीच हवा पुन्हा ओढतात आणि बाहेर ४४ अंश असताना शाफ्टमध्ये त्याहून बरीच जास्त उष्णता साचते. मग कॉम्प्रेसर ऐन दुपारी बंद पडतो आणि दोष टनाला दिला जातो. युनिट गच्चीवर किंवा मोकळ्या बाल्कनीत, सावलीत हवं.

वरचा मजला स्वस्त मिळतो, त्याला कारण आहे. पाच इंची सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री दहा वाजताही खाली उष्णता फेकत राहतो. जुन्या घरांत स्लॅबवर माती-भुशाचा तीन-चार इंचांचा थर आणि त्यावर विटेच्या लाद्या असत; अशी गच्ची सापडली, तर वरचा मजला खुशाल घ्या. नसेल तर एप्रिलच्या सुरुवातीला गच्चीला पांढऱ्या चुन्याचे दोन हात द्यायला मालकाला राजी करा. पावसानंतर धूळ बसून चुना करडा पडतो, म्हणून हे काम दरवर्षीचं.

आता कूलर. नागपूर-अकोल्याच्या वाचकांनी हा भाग सोडला तरी चालेल, त्यांना कूलर शिकवण्याची गरज नाही. कोकणपट्टीतल्यांना मात्र कूलर म्हणजे गरिबाचा एसी वाटतो, आणि ते तो दारं-खिडक्या लावून चालवतात. पाऊण तासात खोली दमट होते, अंग चिकचिकतं, आणि "कूलर बेकार" असा शिक्का बसतो. चूक कूलरची नसते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या कापडाने गुंडाळलेला थर्मामीटर २४ अंश दाखवेल. बऱ्यापैकी कूलर या फरकाचा तीन चतुर्थांश भाग कापतो, म्हणजे जाळीतून २८-२९ अंशांची हवा आत येते. पण ती ओलसर असते, म्हणून तिला सतत बाहेर जायला वाट हवी. कूलर खिडकीच्या बाहेर, सावलीत. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार अर्धं उघडं. खोलीत वारा जाणवला, की मांडणी बरोबर.

पत्र्याच्या कूलरच्या तीन बाजूंना जाळीत गवत भरलेलं असतं. दिल्लीत त्याला 'घास'च म्हणतात. पूर्वी तिथे वाळ्याच्या ताट्या असत, अजूनही मिळतात, वासही छान येतो. घास दर एप्रिलला नवी भरायची. ती खाली दबून वर मोकळी जागा राहिली, तर तिथून कोरडी गरम हवा सरळ आत घुसते. कूलर चालू असूनही गार वाटत नाही, याचं सर्वांत मोठं कारण हेच. दुसरं कारण वरच्या नळीची भोकं. पाणी जड असेल तर त्यांत क्षार बसतात आणि ताटीचा एखादा पट्टा कोरडा राहतो. हात फिरवून बघा, कोरडा पट्टा लगेच कळतो. जाड सुई घालून भोकं मोकळी करा. मोठा कूलर पूर्ण वेगात तासाला १५-२० लिटर पाणी पितो. तुमच्या भागात नळाला फक्त सकाळ-संध्याकाळ पाणी येत असेल, तर गच्चीवरच्या टाकीतून नळी आणि कूलरच्या तळाशी फ्लोटचा व्हॉल्व्ह बसवून घ्या, नाहीतर रात्री दोनला बादली घेऊन उठावं लागतं.

पत्रा, पाणी आणि वीज एकत्र आहेत, हे विसरून चालत नाही. पंपाच्या वायरचं आवरण सुटलं की सगळी बॉडी करंट मारते. अर्थिंग तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागताच वीज तोडणारा स्विच) बसवा आणि पाणी भरताना प्लग काढा. बटण बंद करणं पुरेसं नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून, घासून, कोरडी करायची. डेंग्यूच्या अळ्या साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास होऊन उडतात, आणि पालिकेची माणसं कूलर तपासायला येतात ती उगीच नाही.

पाऊस दिल्लीत साधारण २७ जूनच्या आसपास पोचतो. ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत कूलर हवा फार तर ३१ अंशांपर्यंत गार करेल, तीही भिजलेली. इथून सप्टेंबरपर्यंत राज्य एसीचं.

ऑक्टोबरच्या मध्यावर कूलर उतरवायचा आणि ती खिडकी खरोखर बंद करायची. पुठ्ठा लावून नव्हे. काच किंवा प्लायवूड बसवून कडांना फोमची पट्टी. दिवाळीच्या आगेमागे धूर साचतो आणि पीएम २.५चे, म्हणजे धुरातले अतिसूक्ष्म कण बोटभर फटीतूनही खोली भरून टाकतात. मग हवा शुद्ध करणारं यंत्र कितीही महाग असो, ते बाहेरची दिल्लीच गाळत बसतं. बारा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे ४१ घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर यंत्राचा सीएडीआर, म्हणजे ते तासाला किती घनमीटर शुद्ध हवा देतं तो आकडा, किमान २०५ हवा. खोक्यावर 'इतक्या चौरस फुटांसाठी' असं लिहिलेलं असतं, ते न बघता हा आकडा बघा.

थंडीत किमान तापमान तीन-चार अंशांवर येतं, आणि घरांत उष्णतेची कसलीच सोय नसते. उत्तरेकडचा तळमजला धुक्याच्या दिवसांत बाहेरच्यापेक्षा गार वाटतो. संगमरवरी फरशी असेल तर मोजे काढूच नका. तेल भरलेला हीटर बरा, पण त्याला १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. तिच्या कार्बन मोनॉक्साइडने दर जानेवारीत झोपेत माणसं जातात. न्हाणीघरातल्या गॅस गीझरलाही हाच नियम.

मुंबईहून तीन लिटरचा इन्स्टंट गीझर मात्र नेऊ नका. तीन किलोवॅटचा गीझर मिनिटाला तीन लिटर पाणी फार तर १४ अंशांनी तापवतो. मुंबईच्या २५ अंशांच्या पाण्याचं त्यात ३९ होतं. दिल्लीत जानेवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १२-१४ अंश असतं, त्याचं २७ होईल, आणि त्याने आंघोळ करायची तर छाती हवी. साठवणीचा किमान १५ लिटरचा घ्या. उन्हाळ्यात त्याचा उलटा उपयोग होतो: टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं, तेव्हा बंद गीझरमध्ये सकाळपासून राहिलेलं पाणी त्यातल्या त्यात गार मिळतं.

राहता राहिला मीटर. बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायला परवानगी आहे तो आकडा, किती किलोवॅट आहे, ते घर ठरवायच्या आधी वाचा. दोन एसी आणि गीझर एका वेळी चालणार असतील, तर दोन-तीन किलोवॅटवर भागत नाही. भार वाढवायचा अर्ज मालकाकडून मार्चमध्येच करून घ्या.