शिलाई मशीनच्या शेजारी गरीची काठी : आमची वाटचाल

मासे धरायच्या काठ्या, म्हणजे रॉड, दुरुस्त करायच्या आणि बांधायच्या आमच्या धंद्याची सुरुवात एका मोडलेल्या शेंड्यापासून झाली. नवऱ्याला लहानपणापासून गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद. सासऱ्यांनी चिवारीच्या, म्हणजे बारीक बांबूच्या, काठीला तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बांधून त्याला भाट्ये खाडीच्या काठावर बसवलं, तेव्हा तो सहा वर्षांचा होता म्हणे. २०१६ साली त्याने हौसेने सात फुटी कार्बनचा रॉड घेतला आणि महिनाभरातच मोटरसायकलवरून नेताना त्याचा वीतभर शेंडा मोडला. जिथून घेतला तिथे फोन केला, तर "दुरुस्ती होत नाही, नवा घ्या" एवढंच उत्तर आलं.

मी तेव्हा रत्नागिरीतल्या आमच्या घराच्या पडवीत ब्लाउज शिवायचे. तो तुकडा हातात घेऊन नीट पाहिला तेव्हा लक्षात आलं की तंगूस जिच्यातून जातो ती कडी, म्हणजे गाइड, काठीला स्क्रूने किंवा खिळ्याने बसवलेली नाही. ती नुसती दोऱ्याने बांधलेली आहे आणि दोऱ्यावर काचेसारखा थर आहे. दोऱ्याचं काम म्हटल्यावर मला धीर आला. मोडलेलं टोक कानशीने साफ केलं, त्या जाडीला बसेल अशी टोकाची कडी मागवली आणि डिंकाने बसवली. रॉड पुन्हा उभा राहिला, पण पहिल्यासारखा राहिला नाही. शेंडा गेला की काठी ताठ होते, हलकं ल्यूर, म्हणजे बनावट आमिष, लांब जात नाही. नवऱ्याने तो रॉड मग वजन लावून तळाला गरवायला ठेवला. वीतभर कमी झाल्याने काठीचा स्वभावच बदलतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

पुढचं वर्षभर आम्ही फक्त दुरुस्ती केली. मिऱ्या, मांडवी, काळबादेवी, जयगड इथले गरवणारे एकमेकांना ओळखतात. एकाचं काम झालं की दुसरा येतो. बहुतेकांची तक्रार एकच असायची, कडी गंजली किंवा तिच्या आतली सिरॅमिकची रिंग फुटली. खाऱ्या हवेत साधं स्टील टिकत नाही, आणि रिंगला चीर गेली की विणलेली ब्रेड लाइन, म्हणजे तंगुसाच्या जागी वापरतात ती दोरी, तिथे घासून तुटते. जुनी कडी काढताना ब्लेड काठीवर कधीच टेकवायचं नाही, कडीच्या धातूच्या पायावरून दोरा कापायचा. कार्बनवर नखभर ओरखडा राहिला, तरी मोठा मासा लागल्यावर काठी नेमकी तिथेच मोडते.

दोऱ्याबद्दल मी थोडं जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या कामाचा जीव त्यात आहे.

रॉडचा दोरा नायलॉनचा असतो. बारीक तो 'ए', जाड तो 'डी'. आधी गाइडच्या पायांना कानशीने उतार द्यावा लागतो, नाहीतर काठीवरून पायावर चढताना दोरा पायरीशी अडखळतो आणि फट राहते. मग फेऱ्याला फेरा लावत गुंडाळायचं, एकावर एक चढू द्यायचा नाही. शेवटचे आठ-दहा फेरे वेगळ्या दोऱ्याच्या फासावरून घ्यायचे, टोक फासात घालून आत ओढायचं आणि कापायचं. गाठ कुठे दिसत नाही. तुरपाई करणाऱ्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही. ताण सारखा राहावा म्हणून सुरुवातीला दोरा चार-पाच जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात दाबून ओढायचे. मग एकदा मशीनला तेल घालताना तिच्या ताणाच्या चकत्यांकडे लक्ष गेलं. भंगारातल्या मशीनच्या तशा दोन चकत्या लाकडी पट्टीवर बसवल्या. आजही त्याच वापरतो.

पहिला पूर्ण रॉड २०१८ मध्ये बांधला, पावस गावच्या एका गिऱ्हाइकासाठी. त्यांना झेंडूच्या फुलासारखा केशरी दोरा हवा होता. दोन दिवस खपून मी तो इतका नेटका गुंडाळला की स्वतःलाच समाधान वाटलं. वर इपॉक्सीचा, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या राळेचा, हात दिला आणि डोळ्यांदेखत केशरी रंग भिजल्या विटेसारखा झाला. गाइडचे पायसुद्धा आरपार दिसायला लागले. साधा नायलॉन दोरा इपॉक्सी पितो आणि काळपट, पारदर्शक होतो. रंग तसाच राहायला हवा असेल तर त्यासाठी प्रक्रिया केलेला दोरा घ्यावा लागतो, नाहीतर आधी रंग राखणाऱ्या द्रावणाचा हात द्यावा लागतो. हे मला माहीत नव्हतं. सगळं कापून पुन्हा बांधलं आणि गिऱ्हाइकाला आठ दिवस उशिरा दिलं. तेव्हापासून नवा दोरा आला की आधी मोडक्या काठीवर बोटभर गुंडाळते, थर देते, आणि तो तुकडा नमुन्याच्या पट्टीत लावते. गिऱ्हाईक रंग निवडतं ते या पट्टीवरून, रिळावरून नाही.

काठी, म्हणजे ब्लँक, आम्ही स्वतः बनवत नाही, ती तयार मागवतो. निमुळत्या लोखंडी सळईवर राळ लावलेलं कार्बनचं किंवा काचतंतूचं कापड गुंडाळतात, वर पट्टी आवळतात आणि भट्टीत पक्कं करतात. कापड एकावर एक येतं तिथे नळीची एक बाजू जरा ताठ राहते. बूड फरशीवर टेकवून, शेंडा तळहातावर धरून मध्ये दाबलं की काठी आपोआप वळते आणि एका बाजूवर स्थिर होते. तिला कणा म्हणायचं. कड्या कण्याच्या कुठल्या बाजूला लावाव्यात यावर रॉड बांधणाऱ्यांमध्ये खूप वाद आहेत. माझं मत असं की खाडीत ल्यूर फेकायच्या रॉडला काठी जिकडून सर्वांत सरळ दिसते ती बाजू घ्यावी.

सासऱ्यांना हे सगळं बघायला फार आवडायचं. त्यांना मी एकदा वाचलेलं सांगितलं: कार्बन आणि काचतंतू यायच्या आधी बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून षटकोनी रॉड करत, आणि पुढे चीनचा बांबू पसंतीला येईपर्यंत अमेरिकेत त्यासाठी आपल्या देशातून गेलेला बांबू वापरत, त्याला तिकडे 'कलकत्ता केन' म्हणत. त्यांनी कोपऱ्यातली आपली चिवारीची काठी उचलून हातात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

दोऱ्यावरचा थर ही कोकणात रॉड बांधण्यातली सर्वांत अवघड गोष्ट. इपॉक्सीचे दोन भाग अगदी सारखे घ्यावे लागतात. थोडंसं कमी-जास्त झालं तर थर कायम चिकट राहतो. मोजायला आम्ही औषधाच्या दुकानातली सिरिंज वापरायचो, तर थरात मधूनच माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडत. सिरिंजच्या रबरी दट्ट्याला सिलिकॉनचं वंगण असतं, ते इपॉक्सीत उतरतं, हे कळायला सहा महिने गेले. आता बिनरबराची सिरिंज घेतो. थर दिल्यावर काठी काही तास सावकाश फिरत राहिली पाहिजे, नाहीतर इपॉक्सी खाली ओघळून गाठ येते. त्यासाठी नवऱ्याने गणपतीच्या मखरातल्या चक्राची मोटर लावली, मूर्तीच्या मागे फिरतं ना, तेच चक्र. ती संथ फिरते, तापत नाही आणि रात्रभर चालते. आता आमच्याकडे तशा चार आहेत.

पावसाळ्यात मात्र मोटर पुरत नाही. आषाढात हवा इतकी ओली असते की थरावर दुधासारखी झाक येते आणि बोटाला तेलकट लागतं. प्लायवूडची लांब पेटी केली, आत साठ वॉटचा बल्ब लावला. दोन पावसाळे तसं निभावलं, मग हवेतली ओल शोषणारं यंत्र घेतलं. धंद्यातल्या पैशातून घेतलेली ती पहिली मोठी वस्तू.

३ जून २०२० चा दिवस मी विसरणार नाही. टाळेबंदी चालू होती आणि निसर्ग वादळ यायचं होतं. आदल्या दिवशी सकाळी मी तीन रॉडना थर दिला असता तर तो वेळेत सुकला असता, पण घरात कौलांवर दोऱ्या बांधणं, लाकडं आत घेणं यातच दिवस गेला. थर दिला तो वादळाच्या दिवशी पहाटे. थोड्या वेळात वीज गेली आणि मोटरी थांबल्या. इपॉक्सी अजून पातळ होती. मी, सासूबाई आणि नवरा एकेक रॉड घेऊन बसलो आणि दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा फेरा देत राहिलो. बाहेर माड जमिनीपर्यंत वाकत होते. त्याच दिवशी मिऱ्याच्या किनाऱ्यावर 'बसरा स्टार' हे जहाज येऊन रुतलं. दुपारपर्यंत थर बोटाला चिकटेनासा झाला, तोवर आम्ही तिघांनी काठ्या हातातून सोडल्या नव्हत्या. सासूबाईंचा रॉड सर्वांत चांगला उतरला. तो आम्ही विकला नाही.

टाळेबंदी उठल्यावर काम वाढलं. घरी आलेले चाकरमानी, कॉलेज बंद असलेली मुलं, सगळे खाडीवर दिसू लागले. आम्ही उद्यम नोंदणी केली, बँकेत वेगळं खातं काढलं. मी ब्लाउजची कामं हळूहळू कमी केली, पण त्या कामातली वही तशीच चालू ठेवली.

त्या वहीमुळेच आम्ही टिकलो असं मला वाटतं. ब्लाउज जसा मापाशिवाय शिवत नाहीत, तसा रॉडही मापाशिवाय बांधू नये. कोपरापासून मुठीपर्यंतचं अंतर मी टेपने घेते, कारण रील, म्हणजे लाइन गुंडाळायचं चक्र, तिच्या मागची मूठ तेवढी हवी. लांब झाली तर रॉड वळवताना कपड्यात अडकते, आखूड झाली तर मनगट भरून येतं. उभं राहून गरवता की होडीत बसून? मिऱ्याच्या खडपांवरून की तिवरांच्या मधून? उधाणाच्या पाण्याला की भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या? खडपांवरच्या माणसाला लाट ओलांडायला नऊ-दहा फुटी काठी लागते. तिवरांमध्ये होडीतून जिताडा धरणाऱ्याला ती नुसती अडचण होते; त्याला सहा-साडेसहा फुटांची, शेंड्याला मऊ आणि बुडाला जबर काठी हवी, कारण जिताडा गळ लागताच मुळांकडे पळतो आणि त्याला पहिल्या दोन-तीन क्षणांत वळवता आलं नाही तर लाइन तुटलीच.

कड्यांच्या जागाही छापील तक्त्यावरून पक्क्या करत नाही. आधी त्या रबराने बांधतो, लाइन ओवतो, रॉड भिंतीला आडवा धरून शेंड्याला वजन टांगतो. वाकलेल्या काठीच्या अंगालगत लाइन गेली पाहिजे. दोन कड्यांमध्ये ती सरळ रेघ मारत असेल तर तिथे काठीवर एका जागी जोर येतो. कडी सरकवायची, पुन्हा बघायचं. या कामाला कधी अख्खी दुपार जाते. त्यात घाई केलेली मला चालत नाही.

एकदा मात्र आमची मोठी चूक झाली. रील बसते ती बैठक काठीपेक्षा जाड असते, मधली पोकळी आम्ही कागदी चिकटपट्टीचे वेढे देऊन भरायचो. एका रॉडमध्ये वेढ्यांच्या कडेला इपॉक्सी नीट पोहोचली नाही, आत पाणी गेलं, कागद कुजला आणि जयगडला ऐन मासा लागला असताना बैठक हातात गरकन फिरली. मासा गेला. ते गृहस्थ रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. त्या पद्धतीने बांधलेले सगळे रॉड वहीतून शोधून परत मागवले आणि घट्ट फोमचे वेढे घालून फुकट बांधून दिले. त्या वर्षी हातात काही उरलं नाही.

जिताड्याबद्दल एक गोष्ट आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे फोटो काढण्याजोगा जो मोठा जिताडा असतो तो बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ती खाडीच्या मुखाकडे त्यासाठीच उतरते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना बंदी असते, काठावरून गरवणाऱ्याला कोणी अडवत नाही, म्हणून आम्हीच विनंती करतो की मोठी मादी सोडून द्या. काठीला पुरेशी ताकद असली तर मासा लवकर काठाला येतो, फार दमत नाही आणि सोडल्यावर जगतो. रॉडचं बूड थोडं जबर ठेवायचा आमचा आग्रह त्यासाठीही आहे.

लांब रॉड पाठवणं कटकटीचं असतं, पण त्यावर उपाय सोपा निघाला: प्लंबरकडचा पीव्हीसी पाइप, दोन्ही टोकांना झाकणं. मुंबई, गोवा, आणि गणपतीला आलेल्या कोणा भावाबरोबर कुवेतपर्यंत आमचे रॉड असे गेले. वहीत आज दोनशेच्या वर मापं आहेत. महिन्याला सहा-सात रॉड होतात. त्याहून जास्त घेत नाही.

या आठवड्यात टेबलावर अकरा वर्षांच्या एका मुलीचा रॉड आहे. आजोबांबरोबर शिरगावच्या बाजूला गरवायला जाते. कोपर ते मूठ तिचं माप साडेनऊ इंच भरलं. वाढत्या अंगाच्या मुलीचा फ्रॉक शिवताना आम्ही शिलाईत माया सोडतो, उसवून मोठा करता यावा म्हणून. या रॉडच्या बुडाची टोपी मी त्याच विचाराने कायमची चिकटवलेली नाही. आतली नळी मोकळी ठेवली आहे. दोन-तीन वर्षांनी ती परत आली की तीन इंचांचा जोड आत बसेल. तिने दोरा निवडलाय झेंडूच्या रंगाचा. या वेळी तो तसाच राहील.