तुम्ही विचारलंत म्हणून: परिषद दोन दिवसांची, तयारी वर्षभराची कशाला?

बहुपक्षीय बैठकांच्या तयारीत माझी बरीच वर्षं गेली, हे कळलं की समोरचा माणूस हमखास एकच विचारतो. "नेते येतात, हात मिळवतात, फोटो काढतात आणि जातात. निवेदन तर म्हणे आधीच लिहिलेलं असतं. मग वर्षभर तुम्ही करता काय?" या प्रश्नात थोडा संशय असतो आणि तो साहजिक आहे. कारण लोकांना दिसतो तो फक्त शेवटचा तास.

निवेदनाचा बराचसा भाग आधी लिहिलेला असतो, हे खरंच आहे. पण त्या प्रत्येक वाक्यावर कुणीतरी आधी भांडलेलं असतं. आणि माझ्या अनुभवात त्यातलं सगळ्यात अवघड भांडण परक्या देशाशी होत नाही, आपल्याच सरकारात होतं.

हवामान परिषदेचंच बघा. पर्यावरण मंत्रालयाला ठाम उद्दिष्ट हवं असतं. ऊर्जा मंत्रालय विचारतं, चालू वीज केंद्रांचं काय करायचं? अर्थ मंत्रालयाचा प्रश्न ठरलेला, पैसे कुणाच्या खात्यातून जाणार? व्यापार खात्याला भीती असते की आज दिलेला शब्द उद्या निर्यातीच्या आड येईल. विधी खात्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं की हे बंधनकारक आहे की नाही. प्रत्येकाकडून टिपण येतं आणि प्रत्येक टिपणात आपलाच विषय सर्वोच्च प्राधान्याचा असतो. ही सगळी टिपणं समोर ठेवून परराष्ट्र मंत्रालयाला देशाची एकच भूमिका तयार करायची असते.

काय मागायचं, यावर आंतरमंत्रालयीन बैठकीत तासाभरात एकमत होतं. "काय सोडायचं?" असं विचारलं की सगळे आपापल्या कागदांत डोकं घालतात. पण खरी तयारी त्या प्रश्नापासूनच सुरू होते. काय मागायचं, किती मिळालं तर समाधान मानायचं आणि कोणती लक्ष्मणरेषा ओलांडायची नाही, या तिन्हींची लेखी उत्तरं हवीत आणि ती वरून मंजूर झालेली हवीत. युरोपीय संघात तर हे नियमानेच चालतं. व्यापार कराराच्या वाटाघाटी आयोग करतो, पण त्याआधी सदस्य सरकारांच्या परिषदेने त्याला तसा अधिकार द्यावा लागतो. म्हणजे बाहेरच्यांशी बोलायला बसण्याआधी २७ सरकारं आपसात बोलून घेतात.

हे मी इतक्या आग्रहाने सांगते, कारण एकदा माझ्याच फाईलमध्ये यातलं मधलं उत्तर नव्हतं. काय मागायचं ते होतं, लक्ष्मणरेषाही होती, पण "एवढं नाही मिळालं तर?" याचं पान कोरं होतं. दोन मंत्रालयांचं जमत नव्हतं, निघायची वेळ झाली होती, आणि तिथे गेल्यावर बघू असं म्हणून मी ते पान तसंच राहू दिलं. बैठकीच्या शेवटच्या रात्री दोनच्या सुमारास अध्यक्षांनी निधीच्या परिच्छेदात नवं वाक्य आणलं. आमची मागणी त्यात अर्धी होती, लक्ष्मणरेषा मात्र कुठेच ओलांडलेली नव्हती. स्वीकारायचं की अडवायचं? ज्यांनी सांगायचं, ते फोनवर सापडेनात. आमचे प्रतिनिधी गप्प बसले आणि परिच्छेद मंजूर झाला. सर्वसहमतीत गप्प बसणं म्हणजेच होकार. ते वाक्य वाईट होतं का, हे मी आजही ठरवू शकलेले नाही. पण त्या रात्री माझ्या देशाला मत नव्हतं आणि त्याचं कारण माझं कोरं पान होतं.

घरात एकमत झालं की मग शब्दांवरचं काम सुरू होतं. मसुदा फिरतो, ज्याला जे मान्य नाही ते चौकोनी कंसात जातं. परिच्छेदामागून परिच्छेद कंसांनी भरतात आणि पुढचे महिने ते कंस सोडवण्यात जातात. एका शब्दावर एवढा वेळ कशाला, असंही मला विचारतात. १२ डिसेंबर २०१५ ला पॅरिसमध्ये काय झालं ते पाहा. हवामान कराराच्या अंतिम मसुद्यात, विकसित देशांच्या उत्सर्जन कपातीच्या वाक्यात, 'शुड'च्या जागी 'शॅल' आला होता. 'करावं'चं 'करतील' झालं. अमेरिकेसाठी त्याचा अर्थ कायदेशीर बंधन आणि सिनेटची मंजुरी असा झाला असता. करार तिथेच अडकायची वेळ आली. शेवटी तांत्रिक दुरुस्ती म्हणून तो शब्द सभागृहात वाचून बदलला गेला. तो शब्द आपल्याला चालेल की नाही, हे वकिलांनी आधीच तपासून ठेवलेलं असलं तरच अशा वेळी काही तासांत उत्तर देता येतं.

याहून जुनं उदाहरण सुरक्षा परिषदेच्या २४२ क्रमांकाच्या ठरावाचं, नोव्हेंबर १९६७ मधलं. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशातून माघार घ्यावी, असं त्यात आहे. इंग्रजी पाठावरून काही प्रदेश की सगळे, हा वाद घालता येतो. फ्रेंच पाठ सगळे प्रदेश या अर्थाकडे झुकतो. अर्धशतक उलटून गेलं तरी हा वाद चालूच आहे. म्हणून मसुदा सगळ्या अधिकृत भाषांत वाचून बघणारा माणूस चमूत असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मग भेटीगाठी. कोण आपल्याबरोबर आहे, कोण नाही आणि कोण कुंपणावर, याचा तक्ता बनतो. राजदूत त्या त्या राजधानीत जाऊन चाचपणी करतात. ना शीर्षक, ना सही असा 'नॉन-पेपर' हळूच पुढे सरकवला जातो. कुणाला पटला नाही, तर तो कुणाचाच नसतो. शिखर परिषदांसाठी नेत्यांचे खास प्रतिनिधी असतात, त्यांना शेर्पा म्हणतात. शिखरापर्यंतचं ओझं त्यांनी वाहायचं. २०२३ च्या दिल्लीतल्या जी-२० परिषदेत युक्रेनवरच्या परिच्छेदांनी अखेरपर्यंत दम काढला. निवेदन पहिल्याच दिवशी, ९ सप्टेंबरला, मंजूर झालं तेव्हा यजमान शेर्पा अमिताभ कांत यांनी हिशोब सांगितला: दोनशेहून अधिक तास वाटाघाटी, तीनशे द्विपक्षीय बैठका आणि १५ मसुदे. कधी हे सगळं करूनही हाती काही लागत नाही. २०१८ मध्ये पापुआ न्यू गिनीत, पोर्ट मोर्सबीला, एपेक या आशिया-प्रशांत आर्थिक गटाच्या परिषदेत संयुक्त निवेदन निघालंच नाही.

नेत्याच्या हातात जाणारी फाईल ही या सगळ्यातली सर्वांत पातळ गोष्ट. कुणाला भेटायचं, काय बोलायचं, त्यांनी अमुक काढलं तर काय उत्तर द्यायचं, प्रत्येकी एकच पान. अधिकारपत्रं, ओळखपत्रं, दुभाषे, खोल्या हे दुसरे लोक बघतात आणि चोख बघतात.

मला खरी काळजी वाटते ती छोट्या देशांची. मोठा देश शंभर माणसं आणतो, छोटा तीन. चर्चा एकाच वेळी दहा खोल्यांत चालते. जागतिक व्यापार संघटनेत तर सर्वसहमतीची व्याख्याच अशी आहे की निर्णयाच्या वेळी हजर असलेल्या कुणीही औपचारिक आक्षेप घेतला नाही, की सहमती झाली. जो खोलीतच नाही, त्याचा आक्षेप कोण मोजणार? म्हणून छोट्या देशांना माणसं वाटून घ्यावी लागतात. १९९० मध्ये छोट्या बेटराष्ट्रांनी आपली आघाडी केली. तापमानवाढ दीड अंशावर रोखा, ही त्यांची मागणी. बुडायची वेळ ज्यांच्यावर येणार, त्यांनीच ती लावून धरली. २००९ च्या कोपनहेगन हवामान परिषदेच्या कागदात तो आकडा अगदी शेवटच्या परिच्छेदात सापडतो, पुढे कधी आढावा घेताना विचारात घ्यायची बाब म्हणून. प्रत्येक बैठकीआधी त्यांनी तोच आकडा पुन्हा मसुद्यात घातला, खोल्या आपसात वाटून घेतल्या आणि सहा वर्षांनी तो पॅरिस कराराच्या दुसऱ्या कलमात आला.