तुम्ही विचारलंत म्हणून: पीएस ६चा कंट्रोलर कसा असेल?

गेमिंगचा विषय निघाला की मला हमखास हेच विचारतात. पीएस ६, म्हणजे सोनीचा पुढचा प्लेस्टेशन, कधी येतोय, कंट्रोलर कसा असेल, गेम कुठले असतील, आणि शेवटी मुद्द्याचा प्रश्न, आत्ता पीएस ५ घेऊन टाकू का अजून थांबू? भाचा विचारतो, ऑफिसमधली मंडळी विचारतात, सोसायटीतले एक काका लिफ्टमध्ये विचारतात कारण नातवाने त्यांच्यामागे लकडा लावलाय. लिफ्टमध्ये किती सांगणार, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी जे पक्कं माहीत आहे ते. ते फार थोडं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मार्क सर्नी, म्हणजे पीएस ४ आणि पीएस ५चे मुख्य आर्किटेक्ट, चिप बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या जॅक हुइन्ह यांच्यासोबत एका व्हिडिओत आले आणि दोन्ही कंपन्या मिळून करतायत त्या प्रोजेक्ट अ‍ॅमेथिस्टबद्दल बोलले. प्रकाशकिरणांचा हिशोब वेगळ्या हार्डवेअरवर करायचा, एआयच्या मदतीने चित्र मोठं करायचं, डेटा दाबून मेमरीवरचा ताण कमी करायचा, असं सगळं, आणि हे सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये आहे हेही त्यांनीच सांगितलं. काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलमध्ये हे बघायला आवडेल, एवढंच. पीएस ६ हे नाव नाही, तारीख नाही, किंमत नाही, आणि कंट्रोलरबद्दल तर चकार शब्द नाही.

पण लोकांना कौतुक चिपचंच असतं. किती टेराफ्लॉप, किती जीबी, किती फ्रेम. मला मात्र पहिल्यापासून कंट्रोलरचंच वेड आहे, आणि त्याला कारण आहे. चिपमुळे गेम दिसणार कसा ते ठरतं, पण तुम्ही त्यात करणार काय हे तुमच्या हातातली वस्तू ठरवते. कंट्रोलर कळला की गेम अर्धे कळले असं मी मानतो, आणि हे मी शिकलो ते २००५च्या त्या एका मोसमात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मे २००५, लॉस एंजेलिसला ई-थ्री हे गेमिंगचं मोठं प्रदर्शन. सोनीने पीएस ३ दाखवला, बूमरँगच्या आकाराच्या कंट्रोलरसकट, मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० दाखवला, आणि निन्टेंडोचे सातोरू इवाता स्टेजवर एक छोटासा काळा डबा हातात घेऊन आले. नाव रिव्होल्यूशन. कंट्रोलर? तो नंतर दाखवू म्हणाले. झालं, तिथून पुढचे चार महिने जगभरातल्या गेमर लोकांनी जो काही तर्कांचा धुरळा उडवला तसा मी नंतर कधीच बघितला नाही. कुणी म्हणे आत जायरोस्कोप, म्हणजे वस्तू किती वळली ते ओळखणारा सेन्सर, आहे, कुणी म्हणे बटणांच्या जागी टचस्क्रीन, कुणी म्हणे भिंतीवर प्रोजेक्टर, एकाने तर डोक्यावर घालायच्या हेल्मेटचा नकली व्हिडिओ इतका झकास बनवला की भलेभले फसले.

१६ सप्टेंबर २००५ला टोकियो गेम शोमध्ये इवातांनी तो कंट्रोलर दाखवला आणि तो निघाला टीव्हीचा रिमोट! एका हातात धरायचा, वायर नाही. सोबत जो व्हिडिओ लावला त्यात गेमचं एकही दृश्य नव्हतं, फक्त माणसं होती. कुणी दाताच्या डॉक्टरसारखं ड्रिल धरलंय, कुणी फोडणी परतल्यासारखं मनगट हलवतंय, कुणी ऑर्केस्ट्रा चालवतंय, कुणी गळ टाकून मासा ओढतंय. कन्सोलच्या ताकदीबद्दल काही नाही, पण गेम कुठल्या जातीचे असतील ते त्या व्हिडिओतून लख्ख कळत होतं. पुढे २७ एप्रिल २००६ला रिव्होल्यूशनचं नाव वी (Wii) ठेवलं, नोव्हेंबरमध्ये २५० डॉलरला बाजारात आला, आणि एकूण १० कोटींच्या वर खपला.

आता गंमत बघा. ज्या जायरोची सगळ्यांना खात्री होती तो त्या रिमोटमध्ये नव्हताच. आत होता अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे झटका आणि कल ओळखणारी चिप, आणि पुढच्या टोकाला इन्फ्रारेड कॅमेरा. टीव्हीवर जी पट्टी ठेवायची तिला सगळे सेन्सर बार म्हणायचे, पण तिच्यात सेन्सर नावाची गोष्टच नव्हती, दोन टोकांना इन्फ्रारेडचे दिवे होते बस, बघायचं काम रिमोटच करायचा. म्हणून पट्टी बिघडली तर लोक टीव्हीसमोर दोन मेणबत्त्या लावून खेळायचे आणि ते चालायचं, कारण रिमोटला दोन प्रकाशाचे ठिपके हवे असतात, ते कशाचे आहेत याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जायरो आला २००९ला, मोशनप्लस नावाच्या जोडणीतून. म्हणजे तर्क पार्ट्सच्या बाबतीत चुकला, पण हात हलवून खेळायचं आहे ही दिशा बरोबर निघाली. अफवा वाचताना मी हाच फरक बघतो, पार्ट कुठला ते सोडून द्या, हाताने काय करायचं म्हणतायत ते बघा.

आणि कंट्रोलर गेमला किती वाकवू शकतो त्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण वी आला त्याच वर्षीचं, २००६चं आहे. झेल्डाचा ट्वायलाइट प्रिन्सेस हा गेम खरं तर निन्टेंडोच्या आधीच्या गेमक्यूब कन्सोलसाठी बनत होता, त्यात गेमचा नायक लिंक डावखुरा. वीवर मात्र बहुतेक लोक रिमोट उजव्या हाताने फिरवणार, मग तलवार उजव्या हातात हवी. तर त्यांनी काय करावं, नुसता लिंक नाही बदलला, अख्खं जग आरशात बघितल्यासारखं उलटं केलं. गेमक्यूबवर पश्चिमेला असलेलं वाळवंट वीवर पूर्वेला गेलं! माणसाचा उजवा हात सोयीचा म्हणून एका राज्याचा नकाशा फिरला. हे मला आजही भारी वाटतं.

तर आता सोनी. पीएस ५चा कंट्रोलर, ड्युअलसेन्स, त्यांनी ७ एप्रिल २०२०ला दाखवला, लॉकडाऊन सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आपल्याकडे. त्यात दोन नवीन गोष्टी. एक, जुन्या थरथरणाऱ्या मोटरीच्या जागी स्पीकरमध्ये असते तशी कॉइल, त्यामुळे वाळू, बर्फ, पाऊस वेगवेगळे जाणवतात. दुसरी, आर टू आणि एल टू या तर्जनीने दाबायच्या बटणांच्या, म्हणजे ट्रिगरच्या, मागे एक छोटी मोटर, ती गिअर फिरवून बटणाला आतून अडवते, म्हणून धनुष्य ओढताना बोटाला खरंच ताण लागतो. पीएस ५ सोबत अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम फुकट येतो तो हेच दाखवायला, कुणी नवा पीएस ५ घेतला की मी सांगतो बाकी सगळं बाजूला ठेव, आधी हा खेळ. पण ट्रिगरचा सगळ्यात डोकेबाज वापर मला रिटर्नल या गेममध्ये दिसला. एल टू अर्धं दाबलं की नेम, तिथे बोटाला एक स्पष्ट अडथळा लागतो, तो ओलांडून पूर्ण दाबलं की बंदुकीचा दुसरा मारा. एका बटणाची दोन बटणं झाली, आणि डोळ्यांनी काही बघायची गरज नाही, बोटालाच कळतं. दहा मिनिटांत सवय होते आणि नंतर दुसरा शूटर खेळताना बोट तो अडथळा शोधत राहतं.

मग प्रश्न येतो की एवढं छान आहे तर बाकी गेम का वापरत नाहीत. सरळ कारण आहे, एकच गेम पीसीवर, एक्सबॉक्सवर, पीएसवर, निन्टेंडोच्या स्विचवर विकायचा असतो. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा राजी हा गेम घ्या, २०२०ला आधी स्विचवर आला, जो भारतात तेव्हा अधिकृतपणे विकला सुद्धा जात नव्हता, आणि मग बाकी कन्सोल आणि पीसीवर. अशा छोट्या टीमने एकाच कंपनीच्या ट्रिगरवर आख्खी लढाई कशी बेतायची? नाही परवडत. म्हणून बहुतेक गेममध्ये ड्युअलसेन्सची करामत वरून भुरभुरलेली असते, सेटिंगमध्ये बंद केली तरी खेळात फरक पडत नाही. खरा वापर सोनीचे घरचेच स्टुडिओ करतात. आणि करतात तेव्हा काय होतं बघा, सोनीच्याच टीम असोबी या स्टुडिओच्या अ‍ॅस्ट्रो बॉटला २०२४च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळाला.

आता माझे अंदाज. अंदाजच आहेत, पण हवेतले नाहीत.

पहिला म्हणजे सोनी वीसारखी उडी मारणार नाही, आकार थोडाफार हाच राहील. पीएस ५चे गेम पुढच्या कन्सोलवर चालवायचे तर टचपॅड, ते ट्रिगर, ती कॉइल, सगळं नव्या कंट्रोलरवर लागणारच, काढायची सोय नाही. त्यामुळे बटणं जाऊन नुसती काचेची स्क्रीन येणार वगैरे पेटंटची चित्रं फिरतात त्यांच्याकडे मी दुर्लक्ष करतो. कंपन्या ढीगभर पेटंट घेतात, त्यातली मोजकीच दुकानात पोचतात.

दुसरा अंदाज स्टिकचा, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीचा, आणि हा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. जुन्या कंट्रोलरची स्टिक खोलून बघा कधीतरी. दोन बाजूंना दोन चपट्या डब्या असतात, एक आडव्या हालचालीला एक उभ्या. डबीचं झाकण काढलं की आत कार्बनचा काळा पट्टा आणि त्यावर घासत फिरणारी पत्र्याची बारीक जीभ. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात असायचा तोच पोटेन्शिओमीटर. वापरून वापरून त्या काळ्या पट्ट्यावर मधोमध, जिथे स्टिक सगळ्यात जास्त हलते तिथे, घासल्याची रेघ दिसते. तीच ड्रिफ्ट. तुम्ही हात लावलेला नसतो आणि गेममधला माणूस आपला डावीकडे चालत सुटतो. यावर उपाय जुनाच आहे, १९९८च्या सेगा ड्रीमकास्टच्या स्टिकमध्ये चुंबक होता, घासायला काही नाहीच तर झिजणार काय. आता त्याहून कमी वीज खाणारे, चुंबकावरच चालणारे टीएमआर सेन्सर आलेत, स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या वॉल्वने नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर केलेल्या नव्या स्टीम कंट्रोलरमध्ये तेच आहेत. सोनीने २०२३च्या ड्युअलसेन्स एजमध्ये स्टिक सुटी करून बदलायची सोय दिली, पण तो महागडा कंट्रोलर आहे. पीएस ६सोबत येणाऱ्या साध्या कंट्रोलरमध्ये चुंबकाची स्टिक यावी असं मला मनापासून वाटतं, आणि मला वाटतं ती येईल. नाही आली तर मी तरी नाराज होईन, आपल्याकडे एक कंट्रोलर घरातली चार पोरं वर्षानुवर्षं वापरतात, पाच-सहा हजारांची वस्तू आहे ती.

तिसरा बॅटरीचा, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. युरोपियन युनियनचा नियम आहे, १८ फेब्रुवारी २०२७पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतल्या छोट्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतःला, बाजारात मिळणाऱ्या साध्या हत्यारांनी काढता-घालता आल्या पाहिजेत, थोडे अपवाद वगळता. पीएस ६ त्यानंतर आला तर त्याचा कंट्रोलर या नियमात बसवावा लागेल. युरोपसाठी एक आणि बाकी जगासाठी दुसरा असे दोन साचे करण्यापेक्षा सगळीकडे एकच करणं कंपनीला सोपं पडतं, त्यामुळे आपल्यालाही आपसूक फायदा होईल. ड्युअलसेन्सची बॅटरी १५६० एमएएचची, तीन-चार वर्षांनी ती दमतेच, आणि मग वायर लावून खेळायचं तर वायरलेस घेतला कशाला.

राहिले गेम. पहिली दोनेक वर्षं बरेचसे गेम पीएस ५वरही येतील असं धरून चाला. मागच्या वेळी होरायझन फॉरबिडन वेस्ट आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक, दोन्ही २०२२चे, पीएस ४वरही आलेच होते. म्हणून नवा कन्सोल आला की माझं लक्ष एकाच गोष्टीवर असतं, सोबत फुकट येणारा छोटा गेम कुठला आहे. वी स्पोर्ट्सने वी काय आहे ते सांगितलं, अ‍ॅस्ट्रोज प्लेरूमने पीएस ५ सांगितला. स्विच २च्या वेळी तर जानेवारी २०२५च्या पहिल्या झलकीत जॉयकॉन, म्हणजे त्याचे दोन छोटे कंट्रोलर, टेबलावर घसरत गेले तेवढ्यावरून लोकांनी माउस ओळखला, आणि तो खरा निघाला, पुढे त्यावर ड्रॅग एक्स ड्राइव्हसारखा गेम आला ज्यात दोन हातांत दोन माउस आणि ती तुमच्या व्हीलचेअरची दोन चाकं. हे आधी कुणाला सुचलं असतं का? हातात वस्तू आली मग सुचलं.

आणि जुन्या कंट्रोलरचं काय, हे पण विचारतात. सोनीने २०२०ला सांगितलं होतं की पीएस ४चा कंट्रोलर पीएस ५वर फक्त पीएस ४च्या गेमना चालेल. तोच कित्ता परत गिरवतील असं वाटतं, त्यामुळे आज दुसरा-तिसरा महाग कंट्रोलर पीएस ६च्या भरवशावर घेऊ नका.

मग थांबायचं का? तुमच्याकडे आत्ता काहीच नसेल तर थांबू नका. पीएस ५ बाहेर १२ नोव्हेंबर २०२०ला आला आणि आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला, ४९,९९० रुपयांना, तेही सहज मिळत नव्हता, म्हणजे पीएस ६ जाहीर झाला तरी तुमच्या हातात पडायला वेळ जाणार. काकांना तेच सांगितलंय, नातू आत्ता दहा वर्षांचा आहे, त्याला आत्ता अ‍ॅस्ट्रो बॉट खेळू द्या. पीएस ५ किंवा पीएस ५ प्रो आधीच घरात असेल तर मात्र गप्प बसा, पैसे साठवा, आणि सोनी पहिल्यांदा कंट्रोलर दाखवेल त्या दिवशी मला फोन करा, स्टिक आणि बॅटरीबद्दल काय म्हणतायत ते बघून मग घ्यायचं का नाही ते बोलू.