शनिवारची वादसभा आणि श्रद्धेचा प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'शाळेनं काय दिलं' असं विचारलं गेलं, तेव्हा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भरणारी वादसभा सगळ्यांत आधी आठवली. देवधर्माचा विषय तिथं वर्षातून एकदा तरी निघायचाच. माजी विद्यार्थी एकत्र आले की आजही तोच प्रश्न निघतो : श्रद्धेवर वाद घालून काही निष्पन्न होतं का? होतं, पण वाद नीट बांधला तरच. तो कसा बांधायचा हे त्या सभेनं शिकवलं. आताच्या मुलांच्या हाती ती रीत पडावी, म्हणून ती इथं लिहून ठेवतो.

'देव आहे की नाही' हा विषय फळ्यावर कधीच लिहिला जात नसे. सहा वक्ते उभे राहिले तर सहा जणांच्या मनात सहा वेगळे देव असतात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या मनात नसलेल्याच देवावर बोलत राहतो. म्हणून विषय विधानाच्या रूपात लिहायचा आणि ते विधान कोणत्या जातीचं आहे हे आधी ठरवायचं. काय घडतं ते सांगणारं, आतून जे जाणवतं ते सांगणारं, की काय करावं ते सांगणारं? पहिली दहा मिनिटं यातच जात. ही दहा मिनिटं वाचवली की पुढचा तास वाया जातो.

अंबाबाईचा किरणोत्सव हे यासाठी आपल्या कोल्हापूरचं उत्तम उदाहरण आहे. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, तसंच ९, १० आणि ११ नोव्हेंबर या दिवशी मावळतीची किरणं महाद्वारातून गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असे टप्पे ओलांडत गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी कंबर-छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगितला जातो. हे विधान तपासता येतं. वर्षातून दोनदाच असं का घडतं, याचंही उत्तर मिळतं. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या तारखा सूर्याच्या दक्षिणेकडच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना साधारण ४१ दिवसांवर येतात. त्यामुळं दोन्ही वेळा सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे १७ अंशांवर असतो आणि पश्चिमेला क्षितिजावर जवळपास त्याच जागी मावळतो. एखाद्या वर्षी किरणं मधेच अडली तर ढग, हवेतली धूळ, बाष्प किंवा वाटेतल्या उंच इमारती, यांपैकी कशानं अडली तेही शोधता येतं.

'सूर्यनारायण देवीला अभिषेक करतो' हे विधान मात्र प्रकाश मोजायच्या यंत्राला कळणारं नाही. आणि 'किरणांच्या वाटेतली बांधकामं हटवावीत' हे तिसऱ्याच जातीचं आहे. ते नगररचनेचं, मालकीचं आणि भरपाईचं आहे. पहिल्या विधानावर पुरावा मागायचा, तिसऱ्यावर वाद घालून निर्णय घ्यायचा, आणि मधल्यावर फक्त ऐकायचं. आपल्याकडची बहुतेक भांडणं मधल्या विधानावर पुरावा मागितल्यानं नाही, तर पहिल्याचा पुरावा म्हणून मधलं विधान पुढं केल्यानं होतात.

नवसाचंही असंच आहे. 'जोतिबाला नवस बोललं की काम होतं' यावर तावातावानं बोलण्याआधी पाटीवर चार चौकटी काढाव्यात : नवस बोलला, काम झालं; नवस बोलला, झालं नाही; बोलला नाही, तरी झालं; बोलला नाही, झालं नाही. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, गुलाल-खोबरं उधळायला येतात ती पहिल्या चौकटीतली माणसं. दुसऱ्या चौकटीतला माणूस घरीच असतो, म्हणून तो कुणाला दिसत नाही. समजा, नवस बोललेल्या १०० मुलांपैकी ८० पास झाली. न बोललेल्या १०० पैकी किती पास झाली, हे कळल्याशिवाय त्या ८० ला अर्थ नाही. पण ज्या माउलीनं नवस बोलून पोराच्या परीक्षेआधीची रात्र शांत झोपून काढली, तिची ती झोप या चौकटींत मावत नाही. तीही खरी आहे, आणि सभेत हे कुणीतरी उठून सांगावंच लागतं.

त्यानंतर शब्द पक्के करायचे. मराठीत 'धर्म' हा फार निसरडा शब्द आहे. शेजारधर्मात तो कर्तव्य असतो, 'वाहणं हा पाण्याचा धर्म' म्हणताना स्वभाव असतो, आणि शाळेच्या दाखल्यावर तो पंथ असतो. वक्ता एका अर्थानं सुरुवात करतो आणि दुसऱ्या अर्थानं जिंकतो. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, याला वाक्छल म्हटलंय. त्याचं जुनं उदाहरण 'नवकंबल' : सांगणारा म्हणतो नवी घोंगडी, ऐकणारा विचारतो, नऊ कुठं आहेत? 'श्रद्धा' शब्दही तसाच. आईवरचा विश्वास आणि न तपासलेली समजूत, दोन्हींना आपण श्रद्धाच म्हणतो.

मग प्रत्यक्ष सभा. दोन्ही बाजूंना तीन-तीन वक्ते, प्रत्येकाला चार मिनिटं, तिसऱ्या मिनिटाला एक टोला आणि चौथ्याला दोन. उत्तर देणाऱ्यानं आधी समोरच्याचं म्हणणं एका मिनिटात स्वतःच्या शब्दांत मांडायचं. समोरचा 'होय, हेच म्हणायचं होतं' असं म्हणेपर्यंत पुढं जायचं नाही. हाच पूर्वपक्ष. न्यायसूत्रांनी वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केलेत. तत्त्व शोधायला बसले तो वाद, जिंकायलाच बसले तो जल्प, आणि स्वतःचं काही न मांडता समोरच्याचं फक्त खोडणं म्हणजे वितंडा. पूर्वपक्षाचं ते एक मिनिट काढून टाकलं की वादाचा जल्प व्हायला वेळ लागत नाही.

हेत्वाभासही, म्हणजे वरवर पटणारी पण फसवी कारणंही, दोन्ही बाजूंची पकडायची. 'ग्रंथ खरा, कारण तो देवाचा; देव खरा, कारण ग्रंथ सांगतो' हा साध्यसम : जे सिद्ध करायचं तेच आधारालाही घेतलेलं. 'कोट्यवधी लोक मानतात' हा सव्यभिचार, कारण कोट्यवधी लोक परस्परविरोधी गोष्टीही मानतात. आणि 'विज्ञानाला सापडलं नाही, म्हणजे नाहीच' म्हणणाऱ्यालाही विचारायचं : शोधलं कुठं, कशानं, आणि असतं तर काय दिसायला हवं होतं?

गुण ३० : पूर्वपक्षाला १०, कारणांना १०, भाषेला ५, वेळेला ५. निकाल मात्र जाहीर करायचा नाही. कोल्हापूरच्या माणसाला निकाली कुस्तीची सवय असते, पाठ टेकल्याशिवाय खासबागेतून उठावंसं वाटत नाही. श्रद्धेचा वाद तालमीतल्या सरावासारखा व्हावा लागतो. तिथं रोज जोडीदाराशीच लढायचं असतं आणि उद्याही त्याच्याशीच लढायचं असतं. चारचौघांत पाठ टेकवलेला मुलगा मत बदलत नाही, उलट ते अधिक घट्ट धरतो. त्याच्या मतामागं आईचे उपवास असतात, आजोबांची वारी असते. हार मानणं म्हणजे त्यांना खोटं पाडणं, असं त्याला वाटतं. म्हणून सभेआधी आणि नंतर श्रोत्यांकडून निनावी चिठ्ठी घ्यायची : तुमचं मत काय, आणि ० ते १० मध्ये खात्री किती? बाजू बदललेली चिठ्ठी क्वचितच निघते. खात्री नऊवरून सातवर आलेल्या निघतात. वादाचं खरं फळ हेच, आणि ते मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या पदरात पडतं.

याच गावात वेदोक्ताचा वाद झाला. शाहू महाराजांच्या पंचगंगेवरच्या स्नानाला मंत्र वेदोक्त, म्हणजे वेदांतले, की पुराणोक्त, म्हणजे पुराणांतले, हा वरवर विधीचा प्रश्न होता. पोटात प्रश्न होता तो माणसाची पायरी कोण ठरवणार याचा. देव आहे की नाही, यावर त्या वादानं कुणाचं मत बदललं असेल असं मला वाटत नाही. पण त्याच काळात, २६ जुलै १९०२ ला, राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. १९११ साली इथं सत्यशोधक समाज उभा राहिला आणि १९२० साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं, म्हणजे मराठा समाजाच्या स्वतंत्र धर्मगुरूंचं, पीठ निर्माण केलं. 'काय करावं' या जातीच्या विधानावर झालेला वाद असा जमिनीवर उतरतो. अंबाबाईच्या गाभाऱ्यात स्त्रियांना प्रवेश असावा का, हाही त्याच जातीचा प्रश्न होता.

आणि याच गावात १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. मुलांना असले विषय देऊच नयेत, असं त्यानंतर पुष्कळ पालक म्हणू लागले. त्यांची भीती मी समजू शकतो, पण मला ते पटत नाही. समोरच्याचं म्हणणं एक मिनिट त्याच्या समाधानाइतकं मांडायची सवय चौदाव्या वर्षी लागली नाही, तर ती पुढं कुठं लागणार? शिक्षकांनी एवढं मात्र पाहावं की कुणाच्या दैवताची, प्रेषिताची किंवा जातीची टवाळी झाली, तर घंटा तिथंच वाजेल आणि त्या वक्त्याचं बोलणं तिथंच थांबेल.

वादसभा पुन्हा सुरू होणार असं कळलं. पहिला विषय किरणोत्सवाचाच घ्यावा, ही विनंती. ९ ते ११ नोव्हेंबर हे तिन्ही दिवस मुलांना पाचच्या आत मंदिरात न्यावं, आणि गर्दीमुळं दोघा-दोघांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येक टप्प्याला किरणं किती वाजता पोहोचली आणि आकाश कसं होतं, ते लिहून घ्यावं. वेळ सगळ्यांनी एकाच घड्याळाची धरावी, नाहीतर दोन मिनिटांच्या फरकावरूनच पहिलं भांडण होईल. सभा त्यानंतरच्या शनिवारी.